उजनीच्या काठावर ऋतूंची वही ठेवायची आहे, काय काय लिहू?

सड्यावरची
नमस्कार मंडळी. माहेर राजापूरकडचं, सासर भिगवणजवळ, उजनीच्या बॅकवॉटरला लागून. गच्चीवरून पाणी दिसतं, म्हणजे साधारण ऑगस्ट ते फेब्रुवारी दिसतं, नंतर ते जे मागे हटत जातं की मे महिन्यात नुसता भेगाळलेला गाळ आणि लांब कुठेतरी एक चकाकती रेघ. आमच्याकडे कोकणात ऋतू बघायचा तर मान वर करायची, ढग आले की पाऊस आणि पाऊस आला की वहाळाला पाणी, सरळ हिशोब. इथे जुलैअखेर डोक्यावर कडक ऊन, अंगणात धूळ, शेजारचे काका पेरणी वाया गेली म्हणून कपाळाला हात लावून बसलेत, आणि समोर पाणी मात्र रोज चढतंय!

मी शाळेत शिकवते. सातवीच्या पोरांना घेऊन वर्षभराची वही सुरू करायचा विचार आहे. पाऊस, पाणी, वारा, धुकं, पक्षी, किडे, जे दिसेल ते. तर काय नोंदवावं, किती वेळा, कुठली साधनं (शाळेकडे पैसे नाहीत हे गृहीत धरा). आणि माझं एक मत होत चाललंय, ते चूक असेल तर सांगा: इथला ऋतू आकाशात ठरत नाही, तो वरच्या धरणांच्या दारांत ठरतो.

चोखंदळ_चिलापी
पहिली नोंद: भिगवणला मासळी कुठल्या हॉटेलात चांगली मिळते. दर रविवारी निरीक्षण. साधनं: ताट, वाटी, लिंबू.

नाना_इंदापूरकर
ताई, मत अर्धं बरोबर. धरण १९८० ला झालं, त्याच्या आधी काय ऋतू नव्हते का? आमचे वडील नक्षत्रावर शेती करायचे. रोहिणी, मृग, आर्द्रा, कुठल्या नक्षत्राचं वाहन काय हे पंचांगात बघायचं, बेडूक म्हैस हत्ती असेल तर पाऊस, गाढव कोल्हा असेल तर राम राम. आणि मघा लागली की 'पडतील मघा तर चुलीपुढं हगा' हे पोरांना पाठ करून घ्या, ते कुठल्या पुस्तकात नाही.

सड्यावरची
नाना, मुख्याध्यापकांसमोर म्हणून बघते :)

पाणलोट
पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी झाली माझी, आता निवृत्त. तुमचं मत बरंचसं बरोबर आहे, पण त्याची यंत्रणा समजून घ्या म्हणजे पोरांना सांगता येईल.

दौंड, इंदापूर, करमाळा हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. पाऊस पडतो तो भीमाशंकर, मुळशी, लोणावळा, टेमघर, पानशेतकडे. आधी वरची धरणं भरतात: खडकवासला साखळी, पवना, चासकमान, भामा आसखेड वगैरे. ती भरली की सांडव्यावरून पाणी सुटतं, त्यातलं मुळा-मुठेचं पुण्यात बंडगार्डनला मोजतात, मग सगळं मिळून दौंडला मोजतात, आणि मग ते तुमच्या गच्चीसमोर येतं. म्हणून तुमच्याकडे पाणी येतं ते दुसऱ्याच्या पावसाचं. बातमीत 'दौंडचा विसर्ग अमुक क्युसेक' (सेकंदाला इतके घनफूट) असं येतं ना, तो आकडा वहीत पाहिजेच. एक हिशोब लक्षात ठेवा, साडेअकरा हजार क्युसेक चोवीस तास चालू राहिलं की एक टीएमसी (अब्ज घनफूट) होतो. लाखभर क्युसेक दिवसभर आलं तर साडेआठ टीएमसी. पोरांचा गुणाकार पक्का होईल.

दुसरं, मायनस. उजनीची क्षमता ११७ टीएमसी, त्यातला जवळपास ६४ मृतसाठा (तळाचा, एरवी न वापरायचा), टक्के मोजतात ते वरच्या ५३ वर. शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं नव्हे, शून्य टक्क्यालाही ६४ टीएमसी असतं. २०२४ च्या उन्हाळ्यात मायनस साठ टक्क्यांच्या आसपास गेलं, म्हणजे मृतसाठ्यातलेही बत्तीसेक टीएमसी वापरले गेले. मायनसचं प्लस होईल तो दिवस लिहून ठेवा, आमच्या लेखी तोच खरा पाडवा.

भोईराज
पाणलोट साहेबांनी पाणी वर कसं येतं ते सांगितलं, खाली कसं जातं ते पण सांगा की. कालव्याचं आवर्तन, सोलापूरच्या पिण्याचं पाणी, आषाढीला चंद्रभागेत सोडायचं पाणी. आम्हाला काठ हलला की जाळी हलवावी लागतात. नदीत पाणी सोडलं की चार दिवसांत होडी चिखलात बसते.

पाणलोट
बरोबर आहे. आणि बाष्पीभवन विसरू नका. एवढा पसरट उथळ तलाव, एप्रिल-मेचं ऊन, वर कोरडा वारा. कोणी दार उघडलं नाही तरी पाणी जातंच.

वेधशाळा_बंद
+१ पाणलोट.
नाना, हलकेच घ्या, पण नक्षत्राचं एक बघा. सूर्य मृगात जातो ती तारीख निरयन (ताऱ्यांच्या संदर्भाने केलेल्या) गणिताची, ती दर ७०-७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. ऋतू मात्र सूर्याच्या उत्तर-दक्षिण जाण्यावर चालतात, ते सरकत नाहीत. म्हणजे ज्या काळी या म्हणी तयार झाल्या तेव्हाचा मृग आणि आत्ताचा मृग यात बरेच दिवस पडलेत. आणि वाहन तर गणिती बाकीवरून काढतात, त्यात ढगाचा संबंध कुठेच नाही.

नाना_इंदापूरकर
तुमच्या वेधशाळेचं काय मग? ती तरी तारखा सरकवत नाही का?

वेधशाळा_बंद
सरकवते, पण मोजून. २०२० मध्ये हवामान खात्याने मुंबईहून मान्सून परतायची सरासरी तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर केली, कारण आकडे तसं सांगत होते. येण्याचं म्हणाल तर २०२५ ला मान्सून महाराष्ट्रात मेच्या शेवटच्या आठवड्यातच घुसला, रोहिणी नुकती लागली होती. बारामती-इंदापूरकडे त्यावेळी काय झालं ते तुम्हालाच जास्त माहीत.

नाना_इंदापूरकर
माहीत आहे. ओढ्याला पूर आला, बांध फुटले, गाळपेरीतला मका उभाच्या उभा पाण्यात गेला. त्यात पंचांग पण फेल आणि तुम्ही पण फेल. जाऊ द्या.

सड्यावरची
गाळपेर म्हणजे पाणी उतरल्यावर जी जमीन उघडी पडते त्यात पेरतात तेच ना? फेब्रुवारीत एका आठवड्यात पाणी, पुढच्या आठवड्यात चिखल आणि महिन्यात हिरवंगार, हे बघून मी अवाक झाले होते.

नाना_इंदापूरकर
तेच. खत लागत नाही, नुसती ओल आणि गाळ. मका, कडवळ, कुठे कलिंगड. लॉटरी आहे, पाणी लवकर आलं की गेलं. पोरांच्या वहीत 'पहिली गाळपेर कधी दिसली' हे लिहा, पाणी किती हटलं ते त्यावरून कळतं.

पट्टकादंब
वाचनखूण साठवली! पुण्याहून नेहमी येतो. पक्ष्यांबद्दल थोडं लांबलचक लिहितो, कारण इथे सगळ्यांना फक्त रोहित दिसतात.

रोहित (फ्लेमिंगो) थंडी पडली म्हणून येत नाहीत, ते पाणी उतरलं म्हणून येतात. त्यांना पोटरीभर पाणी आणि चिखल लागतो, चोच उलटी करून चिखलातले बारीक जीव गाळून घेतात. पाणी काठोकाठ असेल तर डिसेंबरच्या कडाक्यातही कुंभारगावला चारदोन सुद्धा दिसायचे नाहीत, आणि पाणी लवकर उतरलं तर जानेवारीतच थवे. म्हणजे धागाकर्तीचं म्हणणं इथे शंभर टक्के लागू, हा पक्षी कॅलेंडर बघत नाही, लेव्हल बघतो.

उलट पट्टकादंब (बार-हेडेड गूज, आमचं नाव तेच) कॅलेंडरवाले. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून हिवाळ्यात येतात, मार्चपर्यंत परत गेलेले. दिवसा काठावर माना पाठीत खुपसून झोपलेले आणि संध्याकाळी शेताकडे चरायला. मंगोलियात गळ्यात नंबरचा पट्टा घातलेले काही भारतात दिसलेत, तेव्हा पोरांना दुर्बिणीतून माना बघायला सांगा, नंबर वाचता आला तर सोनं.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट अवस्थेतला, नदी सुरय (रिव्हर टर्न). उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या बेटांवर, नुसत्या वाळूत खळगा करून अंडी घालतो. पाणी उतरलेलं राहिलं तर कुत्री चालत बेटावर जातात, पाणी अवकाळी चढलं तर अंडी बुडतात. याची नोंद कोणीच ठेवत नाही. फक्त लांबून बघा, बेटावर उतरू नका.

आणि जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, त्यात पोरांना घाला.

भोईराज
लांबून बघा म्हणता, पण पुण्याची मंडळी होडीत बसली की पहिलं वाक्य 'भाऊ जरा उडवता का, उडताना फोटो पाहिजे'. नाही म्हटलं तर पुढच्या वेळी दुसऱ्याची होडी घेतात.

पट्टकादंब
मान्य, लाजिरवाणं आहे. पण होडीवाल्यांनी सगळ्यांनी मिळून नाही म्हटलं तर?

भोईराज
आमच्यातले बरेच म्हणतात आता. इंजिन लांब बंद करून बांबूने ढकलत नेतो. तुम्ही पण तुमच्या ग्रुपात सांगा की.

चोखंदळ_चिलापी
इथे माझ्या जातभाईंबद्दल कोणीच बोलत नाहीये याचा निषेध.

भोईराज
बोलतो. चिलापीवरून (तिलापिया मासा) हवामान कळतं. उन्हाळ्यात पाणी हिरवं पडलं आणि दोन दिवस ढगाळ राहिलं की पहाटे पहाटे मासा पृष्ठभागाला येऊन तोंड वर काढतो, नुसती हजारो तोंडं उघडझाप करतात, पाण्यावर बारीक पाऊस पडतोय असं वाटतं. ऊन वर आलं की खाली जातात. त्या दिवशी आम्ही ओळखतो, आता मासा मरणार. मग एखाद दिवशी काठाला पांढऱ्या पोटांचा ढीग. वास दोन दिवस घरात.

वेधशाळा_बंद
हे फार भारी निरीक्षण आहे भोईराज, आणि कारणही सरळ आहे. पाणी हिरवं करतं ते नील-हरित शेवाळ, त्याला खत पुरवतं ते शहरांचं सांडपाणी, साबण आणि शेतातलं वाहून आलेलं नत्र-स्फुरद. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच शेवाळ प्राणवायू ओढतं. म्हणून सूर्योदयाच्या आधी पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी. ढगाळ दिवस आला की दिवसाची भरपाई होत नाही. त्यात वळवाच्या वाऱ्याने तळाचं कुजकं पाणी वर आलं की संपलं.

मॅडम, यासाठी साधन फुकटात बनतं. वीतभर रुंदीची स्टीलची थाळी, चार भाग करून दोन काळे दोन पांढरे रंगवा, मधून भोक, खाली दगड, वर गाठी मारलेली दोरी. होडीतून सोडायची आणि कितव्या गाठीला दिसेनाशी होते ते लिहायचं. सेक्की डिस्क म्हणतात. दर महिन्याला एकाच जागी, दुपारी, सावलीच्या बाजूने. हिवाळ्यातली आणि एप्रिलमधली गाठ शेजारी ठेवली की पोरांना वेगळं काही सांगावं लागणार नाही.

लोणारी_मीठ
रंगावरून विषय निघालाच आहे तर आमचं लोणार. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं तेव्हा गावात काय काय चर्चा, कोणी म्हणे देवीचा कोप, कोणी म्हणे लॉकडाऊनमुळे निसर्ग शुद्ध झाला. पाणी मुळातच खारट आणि अल्कधर्मी, त्या उन्हाळ्यात पातळी खाली गेली आणि खारटपणा वाढला. पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासले, तर खारटपणात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव निघाले, गुलाबी रंग त्यांचा. आणि मजा म्हणजे बाटली न हलवता ठेवली की ते तळाला बसायचे आणि वरचं पाणी स्वच्छ. पुढे पावसाचं पाणी मिसळलं तसा रंग गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) नाव आलं.

सांगायचा मुद्दा, तुमच्याकडे बाहेरचं पाणी ऋतू ठरवतं, आमच्याकडे उल्केने पाडलेला खड्डा, बाहेर जायला वाटच नाही, त्यामुळे आत किती साठलं आणि किती उडालं एवढाच ऋतू. तेव्हा रंगाचा कॉलम ठेवाच. दर वेळी फोटू एकाच जागेवरून, एकाच वेळी, नाहीतर मोबाईल स्वतःच रंग लावतो.

बफेलोकर
अवांतर: मी न्यूयॉर्क राज्यात बफेलोला, लेक इरीच्या टोकाला. इथेही मान वर करून काही कळत नाही. थंड वारा लांबलचक तलावावरून येताना कोमट पाण्याची वाफ उचलतो आणि काठावर बर्फ म्हणून ओततो. पट्टा इतका अरुंद की आमच्याकडे दार उघडत नाही आणि दहा मैलांवर ऊन. नोव्हेंबर २०२२ ला ऑर्चर्ड पार्क भागात ८० इंच, म्हणजे दोन मीटर. आणि तलाव एकदा गोठला की हा प्रकार बराच थांबतो, म्हणून आम्ही जानेवारीत इरी गोठला का ते तुमच्या मायनस-प्लससारखं बघत असतो.

चोखंदळ_चिलापी
नाना, वाहन म्हैस असेल तर जोरदार पडतं म्हणता ना? हे बघा, गावाचं नावच बफेलो, दोन मीटर पडला. पंचांग सिद्ध.

नाना_इंदापूरकर
खिक्. वेधशाळावाले, उत्तर द्या आता.

वेधशाळा_बंद
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

टिटवीची_आई
पावश्या, चातक, टिटवी यांचं काय? आमची आजी टिटवीची अंडी बघायला सांगायची, उंचावर घातली की पाऊस जास्त. खरंय का हो?

पट्टकादंब
टिटवी जिथे सपाट उघडी जागा मिळेल तिथे घालते, आजकाल तर गच्चीवर पण घालते. पावश्या 'पेर्ते व्हा' एप्रिलपासूनच सुरू करतो, त्याच्या भरवशावर पेरलं तर नाना ओरडतील. चातक मात्र नोंदवण्यासारखा, आफ्रिकेतून मान्सूनच्या वाऱ्याबरोबर येतो. पहिला चातक कुठल्या तारखेला ऐकला आणि पहिला पेरणीयोग्य पाऊस कधी झाला, दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहा. भाकीत करू नका, नुसतं लिहा.

सड्यावरची
किती माहिती, खरंच धन्यवाद. धुक्याबद्दल कोणी बोललं नाही. डिसेंबरात सकाळी पाण्यावरून वाफा निघतात, अगदी चुलीवरच्या हंड्यासारख्या, आणि काठापासून शंभर पावलांवर आमच्या गच्चीत स्वच्छ ऊन. पोरं विचारतात, पाणी गरम आहे का?

पाणलोट
आहेच की! हवेपेक्षा गरम. पोरांना हात घालून बघू द्या. पाणी उष्णता हळू सोडतं, रात्री गार झालेली जमिनीवरची हवा पाण्यावर सरकते आणि उठणारी वाफ तिथल्या तिथे गोठून धुकं होतं. एक साधा थर्मामीटर दोरीला बांधून पाण्यात, एक सावलीत हवेत. फरक जास्त असेल त्या दिवशी धुकं दाट. पोरांना हे आठवड्यात सापडेल.

वेधशाळा_बंद
छोटी दुरुस्ती पाणलोट साहेब, गोठून नव्हे, थेंब होऊन. बफेलोत गोठतं.

पाणलोट
मान्य, मास्तर.

भोईराज
धुकं चांगलं, धुक्यात नुसती वाट चुकते. वाऱ्याचं लिहा. एप्रिल ते जून दुपारनंतर पश्चिमेला काळं दिसलं, हवा एकदम पडली आणि मग पाण्याच्या बाजूने गार झोत आला की संपलं, दहा मिनिटांत लाटा. इथे पाणी पसरट, वाऱ्याला अडवायला काही नाही. मे २०२४ मध्ये कळाशी ते कुगाव मध्ये होडी उलटली, सहा माणसं गेली, लहान मुलं होती त्यात. आमच्यातला जाणता माणूस त्या महिन्यात तीननंतर होडी सोडत नाही, पण पलीकडे जायचं तर रस्त्याने मोठा वळसा, म्हणून लोक बसतात. वहीत हे पण लिहा, वारा कधी फिरला, किती वाजता.

वेधशाळा_बंद
+१००. आणि दामिनी ॲप प्रत्येक पालकाच्या फोनवर, पुण्याच्या आयआयटीएमचं आहे, जवळपास वीज पडतेय का ते दाखवतं.

टिटवीची_आई
पळसदेवचं देऊळ कधी दिसतं तेही लिहा. पाणी खूप उतरलं की वर येतं, मग सगळा महाराष्ट्र सेल्फीला येतो. आमच्या सासूबाई धरणाच्या आधी त्या देवळात जायच्या. बाकीचे देऊळ बघायला जातात, त्या आपलं घर कुठे होतं ते शोधतात.

नाना_इंदापूरकर
आमची पण जमीन आत आहे. असो.

सड्यावरची
सगळ्यांचं वाचून कच्चा आराखडा केलाय. रोज: आपला पाऊस (डबा-पट्टीचा पर्जन्यमापक), वारा कुठून, सकाळी दहाला हवेचं आणि पाण्याचं तापमान. आठवड्याला: काठ कुठे आहे. महिन्याला: थाळी, रंगाचा फोटो, पक्षी. आणि 'पहिल्यांदा' असं एक पान, पहिलं धुकं, पहिली गाळपेर, पहिला रोहित, पहिला चातक, पहिली मेलेली मासळी. अडचण एकच, काठ मोजायचा कसा? खांब रोवला तर मार्चमध्ये पाणी खांबापासून दिसतच नाही.

पाणलोट
खांब नको. शाळेच्या बाजूच्या बांधापासून पाण्याच्या दिशेला सरळ ओळीत चुना लावलेले दगड ठेवत जा. दर सोमवारी पाणी जिथे असेल त्याच्या जरा वर एक दगड, त्यावर तारीख. पावलं मोजा. वर्षात एकदा सगळे दगड बुडतील तो दिवस पण लिहा. आणि शेजारी तीन रकाने: आपला पाऊस, दौंडचा विसर्ग, काठ. पाचेक वर्षं ठेवलंत तर तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी कोणापेक्षा ती वही बरं देईल. माझा अंदाज सांगू? जून ते ऑक्टोबर दारं ठरवतात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी आकाश, आणि उन्हाळा भांडणं ठरवतात, कोणाला किती पाणी.

नाना_इंदापूरकर
शेवटचं वाक्य एकदम खरं. नक्षत्राचा पण एक रकाना ठेवा ताई, तपासून बघू द्या की पोरांना. आम्ही घाबरत नाही.

वेधशाळा_बंद
मान्य. वाहनासकट ठेवा.

भोईराज
दगड ठेवायला पोरांना एकटं सोडू नका. उतरलेल्या पाण्याचा गाळ वरून वाळलेला दिसतो, भेगा पडलेल्या दिसतात, पण आत कंबरेपर्यंत मऊ असतो. गुरं रुतून मेलेली बघितलीत. जिथे गवत आलंय किंवा गुरांची पायवाट आहे तिथूनच जायचं, हातात काठी, पुढे टोचत. पहिल्या सोमवारी मी येतो दाखवायला.

सड्यावरची
नक्की या दादा. शाळा साडेदहाला भरते.

भोईराज
जाळी काढून, मासळी काट्यावर देऊन अकरा होतात. अकरानंतर चालेल का?

चोखंदळ_चिलापी
काट्यावर देताना माझी आठवण ठेवा.